पाकीट परत केलं, मावशी रुसली

प्रश्न : ताई, मागच्या महिन्यात मुलाचं लग्न झालं. पत्रिकेवर 'कृपया आहेर आणू नये' असं छापलं होतं, तरी लोकांनी आणलाच. मिस्टरांनी स्टेजवरच पाकिटं परत केली, त्यात माझ्या शिरपूरच्या मावशीचं पण होतं. ती तिथंच म्हणाली, "मना पैसा खोटा शे का?" आणि न जेवता निघून गेली. आता फोन उचलत नाही. त्यात मुलाच्या ऑफिसवाल्यांचा मिक्सर आम्ही ठेवून घेतला, हे तिला कुणीतरी सांगितलंय. काय करू?
– एक वाचक, अमळनेर

उत्तर : मिक्सर ठेवला आणि मावशीचं पाकीट परत केलं, घोळ इथंच झालाय. घ्यायचं नव्हतं तर कुणाचंच नाही, आणि एकाचं घेतलं की म्हातारीचं आधी.

मावशीच्या घरच्या लग्नात तुमच्या आईनं नेलेली साडी किंवा भांडं तिच्या वहीत नावानिशी लिहिलेलं असणार, आपल्याकडे अशा वह्या ट्रंकेत जपून ठेवतात. ती काही तुम्हाला मदत करायला आली नव्हती, तिचं तोंड वर ठेवायला आली होती, आणि तुम्ही चारचौघांत ते खाली घातलं. मिस्टरांचा हेतू चांगलाच होता हो, पण स्टेजवर शंभर डोळे असतात.

फोनचा नाद सोडा. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला बघू असं ढकलूही नका, या रविवारी मुलगा-सुनेला घेऊन शिरपूरला जा. रिकाम्या हातानं नको पण पैठणीही नको, भारी वस्तू नेली की दंड भरल्यासारखं दिसतं. नारळ, ब्लाऊजपीस, घरचे बिबडे (ज्वारीचे पापड) पुरे. मिस्टर आलेच पाहिजेत, आणि पाकीट त्यांनीच मागून घ्यावं, "मावशी, आमचा आहेर राहिला तुमच्याकडे" असं सरळ. ती थोडं बोलेल, बोलू द्या. त्या पैशाचा तवा नाहीतर पोळपाट घ्या आणि सुनेला फोन करून सांगायला लावा की मावशी, तुमच्या तव्यावर आज पहिली भाकरी टाकली. ऑफिसवाल्यांना मुलानं एक मेसेज टाकला तरी चालेल, तिथं एवढं लागत नाही.

प्रश्न : वास्तुशांतीला मित्रांनी, नातेवाइकांनी पैसे दिले, त्यावर इन्कम टॅक्स लागतो का?
– एक वाचक, जळगाव

उत्तर : स्वतःच्या लग्नात मिळालेल्या भेटीला टॅक्स नाही, वास्तुशांतीला ती सूट नाही. आई-वडील, भाऊ-बहीण, काका, मामा, आत्या, मावशी यांनी कितीही दिलं तरी टॅक्स नाही. मित्रांकडून वगैरे वर्षभरात मिळून ५०,००० रुपयांच्या वर गेलं तर मात्र सगळीच रक्कम उत्पन्नात धरतात, फक्त वरची नाही. आणि गंमत म्हणजे कायद्यात मावसभाऊ नातेवाईक नाही, पंगतीत भले तो सगळ्यात पुढे बसो. त्याची रक्कम मित्रांच्या यादीत लिहा.