वजन उंचीप्रमाणे आहे, फक्त पोट सुटलंय. हृदयाला धोका असतो का?

तुम्ही लिहिलंय, वय ३४, उंची पाच फूट सात इंच, वजन ६६ किलो, तक्त्यात 'नॉर्मल', पण पोट पुढे आलंय. तर धोका आहे का आणि व्यायाम कोणता करू. धोका आहे. व्यायामाचं नंतर बघू.

मी डॉक्टर नाही. कराडात जेंट्स टेलर आहे, तीस वर्षं लोकांच्या पोटाला टेप लावतोय. 'माझं वजन नॉर्मल आहे' असं कुणी म्हटलं की मला माझा मेहुणा दिसतो.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, पतसंस्थेत वसुलीला. पाच फूट सहा इंच, ६४ किलो, हातपाय काटक्यांसारखे, आणि त्याचा कोण अभिमान! भाऊबीजेला बहिणीकडून ओवाळून घ्यायचं आणि पाटावरून उठायच्या आत म्हणायचं, 'दाजी, ताईच्या ड्रेसला कापड जास्त लागत असेल, वेगळी शिलाई लावा.' सगळे हसायचे. बायकोही हसायची, पण त्या दिवशी तिच्या ताटात करंजी दिसायची नाही. ती अंगाने भरलेली आहे, खरंय. पण कुठे? तेव्हा कंबर ३१ इंच, सीट म्हणजे कुल्ल्यांचा घेर ४३. जे काय आहे ते मांड्यांत आणि सीटला.

आता त्याचं माप. २००१ साली त्याच्या लग्नाची सफारी मीच शिवली. वही अजून आहे. शोल्डर १७, पोट ३१, सीट साडेपस्तीस, मांडी २२. २०१९ च्या वहीत शोल्डर तेच १७, सीट ३६, मांडी साडेवीस आणि पोट साडेसदतीस. अठरा वर्षांत काटा पाचच किलो पुढे सरकला होता. कारण मांडीतलं मांस झडलं आणि पोटात चरबी साठली, काट्याला दोन्ही सारखंच. मी एकदा बोललो तर म्हणाला, 'दाजी, पँट अजून बत्तीसचीच होते.' होणारच! पट्टा दरवर्षी बोटभर खाली उतरत होता. पोट सुटलेलं गिऱ्हाईक हेच करतं आणि कंबर वाढली नाही म्हणून खूश राहतं. त्यात विम्याच्या तपासणीत उंची-वजन बघून त्याला पास केलं. मग काय, तो कागद घेऊन घरभर फिरला.

त्याच वर्षी एका साखरपुड्यात पंगत वाढताना त्याला दरदरून घाम फुटला, जबडा दुखायला लागला. पित्त झालं म्हणून सोडा प्यायला आणि दोन तास तसेच घालवले. दोन स्टेंट पडले. वय ४७.

दवाखान्यात सिस्टरने त्याची कंबर मोजली, टेप पायजम्याच्या नाडीच्या रेषेवर. म्हणाली, चौतीस. मला राहवेना. म्हटलं, सिस्टर, टेप खाली लागलाय. खिशातला माझा टेप काढला. शेवटची बरगडी आणि खुब्याचं वरचं हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडल्यावर, टेप आवळायचा नाही. साडेसदतीस. डॉक्टर मागे उभे होते, हसले आणि मला बसवून सगळं समजावलं.

मांड्या-कुल्ल्यांवरची चरबी कातडीखाली गप्प पडून असते. पोटात आतड्यांभोवती साठते ती गप्प बसत नाही. तिथलं रक्त थेट यकृतात जातं, त्याबरोबर चरबीही जाते. यकृत ती ट्रायग्लिसराइड या चरबीच्या रूपात रक्तात सोडतं, चांगलं कोलेस्टेरॉल घटतं, इन्सुलिनला शरीर दाद देईनासं होतं. मेहुण्याच्या भाषेत सांगायचं तर मांडीतली मुदत ठेव आणि पोटातलं चालू खातं. हा फरक १९४७ मध्येच फ्रान्समधल्या मार्सेच्या जाँ वाग या डॉक्टरने मांडला होता, तरी आपण अजून काट्यावरच उभे.

आपल्या लोकांचं तर जास्तच. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच फोटो शेजारी शेजारी छापले. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३. चरबी मात्र युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२. पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळंसुद्धा जन्मतःच वजनाला इंग्लंडच्या बाळांपेक्षा कमी आणि चरबीला त्या मानाने जास्त, हेही याज्ञिकांनीच दाखवलं. ५२ देशांच्या 'इंटरहार्ट' पाहणीतही बीएमआयपेक्षा कंबर भागिले सीट या आकड्याने हार्ट अटॅकचा अंदाज जास्त चांगला आला. म्हणजे गेली तीस वर्षं तो आकडा माझ्या वहीत पडून होता आणि मी त्यावर पँटी शिवत होतो.

भारतीय पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आत हवी, साधारण साडेपस्तीस इंच. बाईची ८०, म्हणजे साडेएकतीस. तुम्ही वजन लिहिलं, कंबर लिहिली नाही. पँटीचा नंबर सांगू नका, मोजा.

व्यायाम: पोटाच्या बैठकांनी पोटातलीच चरबी वेचून जात नाही. रोज भरभर चाला, मांड्यांना जोर पडेल असं काहीतरी करा. शुगर, लिपिड म्हणजे रक्तातली चरबी, आणि बीपी तपासून घ्या. चरबी शोषून काढायच्या जाहिरातींना भुलू नका, ती कातडीखालची काढतात, आतल्या चरबीला हातही लागत नाही.

एक लिहायचं राहिलं. मेहुणा तंबाखू खायचा, आणि सासऱ्यांनाही अटॅक येऊन गेला होता. तेव्हा सगळं खापर पोटावर फोडता येणार नाही. सासरे म्हणजे माझ्या बायकोचे वडील, हेही आहेच. पाळी गेल्यापासून तिची कंबर ३१ वरून ३४ वर आलीय, आता ती माझ्याबरोबर सकाळी कृष्णेच्या घाटापर्यंत चालत येते. म्हणून जाड्या मांड्या म्हणजे कवचकुंडलं असं काही समजू नका.

पण टोमणा मारायचा हक्क त्याला नव्हता, हे मी आजही म्हणतो. गेल्या भाऊबीजेला नव्या शर्टाचं माप द्यायला उभा राहिला. पोट ३६ भरलं. म्हटलं, श्वास रोखलायस का? बोलेना. सोड म्हटलं. पावणेसदतीस. बायको दारातून बघत होती, मी मोठ्याने आकडा वाचला आणि वहीत लिहिला.