नाताळच्या जेवणाच्या यादीत माझे नाव नाही

वाचकाचे पत्र

ताई, सप्रेम नमस्कार.

मी मूळची नाशिकची. लग्नानंतर इंग्लंडमध्ये लीड्सला आले आणि गेल्या वर्षीच्या सप्टेंबरपासून येथील एका कंपनीच्या हिशेब विभागात एजन्सीमार्फत काम करते आहे. मागच्या आठवड्यात प्रिंटरवर माझा कागद घ्यायला गेले, तर वर विभागाच्या नाताळच्या जेवणाची यादी होती. डावीकडे नावे आणि पुढे कोणाला काय हवे ते: सूप की कोळंबी, टर्की की नट रोस्ट (सुक्यामेव्याचा बिनमांसाचा पदार्थ), पुडिंग की चीज. माझ्या रांगेतल्या प्रत्येकाचे नाव त्यात होते, माझे नव्हते. मी तो कागद होता तसा ठेवून जागेवर येऊन बसले. सीक्रेट सँटाच्या, म्हणजे चिठ्ठी काढून एकमेकांना गुपचूप भेट देण्याच्या खेळाच्या चिठ्ठ्यांमध्ये मात्र माझे नाव आहे, हे मला समजत नाही.

गेल्या वर्षी मला विचारले होते, पण पार्टी गुरुवारी होती आणि माझे मार्गशीर्षातले गुरुवार चालू होते. "मी गुरुवारी जेवत नाही, मला नको," असे मी सांगितले. यंदा कोणी विचारलेच नाही. दिवाळीला मी सगळ्यांसाठी करंज्या नेल्या होत्या आणि सगळ्यांनी त्या आवडीने खाल्ल्या होत्या. माझे यजमान म्हणतात, "तुला तरी कुठे टर्की खायची आहे? सोडून दे." मला मात्र रात्री झोप लागत नाही. मी परकी आहे म्हणून मला वगळले का? विचारायला जावे तर लाचारी वाटते. त्या दिवशी आजारी असल्याचे कळवून घरी राहावे, की नोकरीच बदलावी?

— एक वाचक, लीड्स

ताईंचे उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमच्या यजमानांनी काळजीपोटीच तसे म्हटले असेल, पण त्यांचे म्हणणे मला पटलेले नाही. प्रश्न टर्कीचा नाही. ज्या माणसांसोबत तुम्ही आठवड्याचे पाच दिवस बसता, ज्यांची महिनाअखेरची घाई तुम्ही निभावून नेता, त्यांनी आपल्या माणसांची यादी केली आणि तीत तुमचे नाव आले नाही, ही गोष्ट कोणालाही लागेल. ब्रिटनमधल्या कार्यालयांत हे डिसेंबरमधले जेवण म्हणजे वर्षातला असा एक प्रसंग असतो की, एरवी हवामानापलीकडे न बोलणारी माणसे डोक्यावर कागदी मुकुट घालून घरच्या गोष्टी सांगू लागतात. पुढचे कितीतरी आठवडे त्या रात्रीच्या आठवणींवर गप्पा चालतात आणि जो तेथे नव्हता तो त्या गप्पांतूनही बाहेर राहतो. तेव्हा तुम्हाला वाईट वाटले ते रास्त आहे आणि त्याबद्दल संकोच बाळगू नका.

मात्र वाईट वाटणे आणि त्याचे कारण ठाऊक असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्या पत्रात पहिली भरपूर आहे आणि दुसरी जवळजवळ नाही. "मी परकी आहे म्हणून" हे कारण तुम्ही रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या स्वतःच शोधून काढले आहे. ते खरे असू शकेल. पण त्याच पत्रात तुम्ही दोन गोष्टी अशा लिहिल्या आहेत की त्यांतून दुसरी कारणे दिसतात, आणि माझ्या मते ती अधिक संभवनीय आहेत.

पहिली गोष्ट तुमच्या गेल्या वर्षीच्या उत्तराची. आपल्याकडे कोणी जेवायला बोलावले की आपण आधी "कशाला, राहू द्या" म्हणतो, आणि समोरचा आग्रह करणार हे दोघांनाही माहीत असते. पंगतीत ताटावर आडवा धरलेला हात हा नकार नसतो, तर आणखी एकदा विचारा अशी सूचना असते. इंग्लंडमध्ये मात्र एकदा नाही म्हटले की ते नाहीच धरले जाते. पुन्हा विचारणे म्हणजे समोरच्याला अडचणीत टाकणे, असे तेथील सभ्य माणूस मानतो, आणि धर्माचा किंवा उपासाचा विषय असेल तर तो आणखी चार पावले मागे सरतो. तुम्ही एका महिन्यातल्या चार-पाच गुरुवारांविषयी बोललात. मार्गशीर्ष म्हणजे काय, दिवसभराचा उपास संध्याकाळी कलशाची पूजा झाल्यावर, कहाणी वाचून, नैवेद्य दाखवून सोडायचा असतो, हे तुमच्या सहकाऱ्यांना कळण्याचा काहीच मार्ग नव्हता. त्यांच्या कानी एवढेच पडले असेल की या बाईंना नाताळचे जेवण चालत नाही. यंदा तुम्हाला विचारले नाही ते कदाचित तुम्हाला पुन्हा नकार द्यायला लागू नये म्हणून. हे चूकच आहे, कारण विचारायला हवे होते. पण असा समज करून घेणे निराळे आणि द्वेष निराळा.

दुसरी गोष्ट, तुम्ही एजन्सीमार्फत काम करता. असे जेवण ठरवणारी व्यक्ती बहुधा मनुष्यबळ विभागाकडून आलेली कर्मचाऱ्यांची यादी समोर ठेवते, आणि ज्यांचा पगार एजन्सीकडून निघतो त्यांची नावे त्या यादीत नसतात. खर्च कंपनीचा असेल तर त्यात कराचाही भाग येतो. वार्षिक समारंभावरचा खर्च माणशी 150 पौंडांच्या आत असेल, तर ब्रिटनच्या करखात्याकडून त्यावर सवलत मिळते. ती रक्कम ओलांडली तर केवळ वरच्या भागावर नव्हे, तर सगळ्याच खर्चावर कर लागू होतो. ही सवलत कंपनीच्या स्वतःच्या कर्मचाऱ्यांना धरून आखलेली आहे, त्यामुळे हिशेब ठेवणारी मंडळी डोकी मोजताना काटेकोर असतात. सीक्रेट सँटाच्या चिठ्ठ्या मात्र कोणी अशा यादीवरून काढत नाही. आपल्या आजूबाजूला कोण बसते ते पाहून त्या लिहिल्या जातात, आणि तेथे तुमचे नाव आपोआप आले आहे. माणसांना तुम्ही नकोशा असतात, तर ते नाव तेथेही दिसले नसते.

येथे जरा थांबून आपल्याकडच्या वाचकांनाही सांगावेसे वाटते. पुण्या-मुंबईच्या कंपन्यांत दिवाळीला सुक्यामेव्याचे डबे वाटले जातात तेव्हा कंत्राटावर असलेले सफाई कामगार आणि सुरक्षारक्षक अनेकदा त्यातून सुटतात किंवा त्यांच्या हाती लहान डबा येतो, आणि "ते आपल्या पटावर नाहीत" हेच कारण दिले जाते. तेव्हा यादी करणाऱ्याने कागदावरची नावे पाहून झाल्यावर एकदा मान वर करून खोलीतही पाहावे.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. विचारा, आणि उद्याच विचारा. उपाहारगृहांतली नाताळच्या दिवसांतली मोठी टेबले महिनोन्‌महिने आधी घेऊन ठेवलेली असतात, आणि पदार्थांची निवड व माणसांची अंतिम संख्या काही दिवस अगोदर कळवावी लागते. एकदा तो आकडा गेला की इच्छा असूनही कोणाला काही करता येणार नाही, आणि मग तुम्हाला मिळणारे उत्तर खरे होते की सोयीचे, हे कधीच कळणार नाही.

ज्यांनी ती यादी केली (त्या बाई असाव्यात असे धरून चालते) त्यांनाच विचारा. शेजारणीकडे मन मोकळे करून तिच्यामार्फत निरोप पोहोचवू नका, विभागाच्या ग्रुपवर लिहू नका. सकाळी चहाची किटली लावायला त्या स्वयंपाकघरात येतील तेव्हा गाठा आणि सांगा, "प्रिंटरवर जेवणाची यादी दिसली, तीत माझे नाव नव्हते. गेल्या वर्षी माझा उपास होता म्हणून मी आले नाही, पण यंदा मला यायला आवडेल. जागा आहे का?" एवढेच. यात आरोप नाही, गयावया नाही, आणि गेल्या वर्षीचा उलगडाही होऊन जातो. यापुढे "पण जमत नसेल तर राहू द्या, माझे काही नाही" असे मात्र जोडू नका. ते वाक्य आपल्या तोंडून सवयीने निघते आणि समोरच्याला सुटकेचा दरवाजा उघडून देते. प्रश्न विचारा आणि उत्तर येईपर्यंत शांत राहा, तेवढी थोडी अवघड शांतता सोसा.

तुम्हाला विचारण्यात लाचारी वाटते, असे तुम्ही लिहिले आहे. आपल्या लग्नघरात एखाद्या आत्याबाई मानपानावरून रुसतात आणि कोपऱ्यात जाऊन बसतात, तेव्हा त्या रुसल्या आहेत हे साऱ्या मांडवाला ठाऊक असते आणि कोणीतरी साडी घेऊन त्यांची समजूत काढायला जातेच. रुसवा तेथे चालतो, कारण तो वाचणारी माणसे भोवती असतात. तुमच्या कार्यालयात ती नाहीत. तुम्ही गप्प झालात तर त्याचा अर्थ, कामात आहेत, असा लावला जाईल. तुम्ही त्या दिवशी आजारी असल्याचे कळवले तर तुम्ही आजारी आहात असेच सगळे मानतील, आणि तुमच्या गैरहजेरीचा बोध कोणालाच होणार नाही. शिवाय खोटी रजा टाकून तुमच्या हातचा सच्चेपणा तेवढा जाईल. सांगून टाकणे हेच येथे स्वाभिमानाचे आहे.

त्या बाई ओशाळून "अरेरे, राहूनच गेले, नक्की या" म्हणाल्या, तर मनात काही न ठेवता जा. पार्टी पुन्हा गुरुवारी असेल आणि व्रत चालू असेल, तर ते मोडण्याची गरज नाही. लीड्समध्ये डिसेंबरच्या मध्यावर पावणेचारलाच सूर्यास्त होतो, त्यामुळे काम सुटल्यावर घरी येऊन पूजा, नैवेद्य आटोपून तुम्ही थोड्या उशिराने पोहोचू शकता. उशीर होईल हे आधी सांगून ठेवा. नट रोस्टमध्ये अंडे असते का, हे उपाहारगृहात आधी विचारून घ्या, कारण पुष्कळदा ते मिश्रण बांधण्यासाठी घातलेले असते. मद्य घ्यायलाच हवे असे कोणी मानत नाही.

"हे फक्त कंपनीच्या कर्मचाऱ्यांसाठी आहे" असे उत्तर आले, तर आपला खर्च आपण देऊन येता येईल का, असे विचारायला हरकत नाही. तेही शक्य नसेल, तर त्या बाई ते कशा सांगतात याकडे लक्ष द्या. ज्याला सांगताना वाईट वाटते तो माणूस तुमच्या बाजूचा आहे. नियमावर कायद्याने वाद घालू नका. एजन्सीच्या कामगारांसाठीचे 2010 चे नियम 1 ऑक्टोबर 2011 पासून लागू आहेत. त्यांनुसार जेवणखोली, पाळणाघर, वाहनतळ अशा सामायिक सोयी पहिल्या दिवसापासून आणि पगार, कामाचे तास व रजा यांत समान वागणूक 12 आठवड्यांनंतर मिळते. बाहेरच्या उपाहारगृहातले जेवण त्यांत बसवता येणार नाही.

उत्तर टाळाटाळीचे आले, किंवा एजन्सीचीच दुसरी एखादी गोरी सहकारी त्या यादीत होती असे कळले, तर गोष्ट बदलते. मग मागे वळून पाहा की बैठकींतून, प्रशिक्षणातून, शिफ्टच्या वाटपातूनही तुम्हाला असेच बाजूला ठेवले गेले आहे का. तारीख, प्रसंग आणि बोललेले शब्द लिहून ठेवा. वंश, राष्ट्रीयत्व किंवा धर्म यांवरून कामाच्या ठिकाणी भेदभाव करण्यास 2010 च्या समानता कायद्याने बंदी आहे आणि एजन्सीच्या कामगारांनाही तिचे संरक्षण आहे. कामाच्या ठिकाणच्या तक्रारींसाठी असलेली अकॅस ही संस्था दूरध्वनीवरून विनामूल्य सल्ला देते. अशा तक्रारी ऐकणाऱ्या रोजगार न्यायाधिकरणाकडे जाण्याची मुदत फार मोठी नसते, म्हणून तशी वेळ आली तर चौकशी लगेच करा. केवळ एका यादीवरून मात्र मी तेथपर्यंत जाणार नाही.

करंज्यांचा हिशेब या प्रकरणात आणू नका. त्या तुम्ही प्रेमाने नेल्या होत्या आणि त्या प्रेमाने खाल्ल्या गेल्या, ते तेथेच पूर्ण झाले.

नोकरी सोडण्याविषयी म्हणाल, तर तुमच्या पत्रातली मला सर्वांत खटकलेली गोष्ट वेगळीच आहे. सव्वा वर्ष तुम्ही त्याच जागेवर, तेच काम करता आहात आणि अजून एजन्सीमार्फतच आहात, आणि त्याबद्दल तुम्ही एक शब्दही लिहिलेला नाही. त्या यादीने तुम्हाला दुखावले असेल, पण तुमचे त्या कंपनीत नेमके स्थान काय आहे तेही तिने दाखवून दिले आहे. कंपनीत भरावयाच्या जागांची माहिती मिळण्याचा हक्क तुम्हाला त्याच नियमांनी पहिल्या दिवसापासून दिलेला आहे. जानेवारीत वर्षअखेरचे हिशेब उरकले की तुमच्या व्यवस्थापकांकडे अर्ध्या तासाची वेळ मागा आणि कायम नेमणुकीविषयी स्पष्ट विचारा. एजन्सीशी झालेल्या करारात अशा बदलीवर काही शुल्क किंवा अट आहे का, हे त्याआधी एजन्सीकडून जाणून घ्या. त्या भेटीत पार्टीचा विषय काढू नका. वर्षभरात तुम्ही जुळवलेली खाती, सोडवलेले घोळ आणि सांभाळलेल्या महिनाअखेरी यांची नोंद एका पानावर लिहून सोबत न्या, आणि "नंतर पाहू" असे उत्तर मिळाले तर नंतर म्हणजे कोणत्या महिन्यात, एवढे विचारूनच उठा.