हँड स्क्रू क्लॅम्प चिकटवण्यापेक्षा धरण्यासाठी जास्त कामाचा

तुमचा प्रश्न असा आहे की जुन्या हत्यारांबरोबर दोन हँड स्क्रू क्लॅम्प मिळाले, एक ८ इंची आणि एक १२ इंची (माप जबड्याच्या लांबीचं). लाकडी जबडे, दोन स्क्रू, दोन मुठी. घरात एफ-क्लॅम्प आणि सी-क्लॅम्प (एफ आणि सी अक्षरांच्या आकाराचे लोखंडी क्लॅम्प) असताना यांचा वेगळा उपयोग काय, की देऊन टाकावेत?

देऊ नका. पण ग्लू लावून फळ्या दाबायचं साधन एवढंच समजून ठेवणार असाल, तर खरंच पडून राहतील. ते काम एफ-क्लॅम्प जास्त पटकन करतो. हँड स्क्रूची खरी गंमत अशी की तो कुठेही नेता येणारा वाइस, म्हणजे तुकडा घट्ट धरून ठेवणारा शिकंजा आहे, आणि त्याचे जबडे लाकडाचे असल्यामुळे ते तुम्हाला हवे तसे कापता, कोरता येतात. लोखंडी क्लॅम्पला ही मुभा नाही.

आधी तो चालतो कसा ते बघा, कारण नव्वद टक्के तक्रारी इथूनच येतात. प्रत्येक स्क्रूच्या अर्ध्या भागावर उजवे आटे आणि अर्ध्या भागावर डावे आटे असतात. जबड्यात आडवे बसवलेले गोल नट असतात, ते जागच्या जागी फिरू शकतात. त्यामुळे जबडे समांतरच राहिले पाहिजेत असं बंधन नाही. तिरके करता येतात, एक पुढे एक मागे असेही सरकवता येतात. जुन्या काळात स्क्रूसुद्धा लाकडाचेच असत आणि जबडे जवळपास समांतर ठेवावे लागत. पोलादी स्क्रू आणि फिरते नट असलेला प्रकार विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून रुळला. शिकागोच्या अ‍ॅडजस्टेबल क्लॅम्प कंपनीचं ‘जॉर्गेन्सन’ हे नाव त्यात सगळ्यात माहितीचं.

उघडझाप करण्यासाठी मधल्या स्क्रूची मूठ डाव्या हातात आणि मागच्या टोकाच्या स्क्रूची उजव्या हातात धरा, आणि सायकलचं पेडल मारल्यासारखा अख्खा क्लॅम्प गोल फिरवा. एका दिशेने फिरवला की उघडतो, उलट फिरवला की मिटतो, आणि जबडे आपोआप समांतर राहतात. एकेक मूठ वेगवेगळी पिळत बसलात तर कंटाळून जाल. बरेच जण इथेच वैतागून क्लॅम्प कोपऱ्यात टाकतात.

आता घट्ट करणं. जबडे लाकडाच्या जाडीइतके आणा, मधला स्क्रू बेताचा आवळा, मग शेवटचा जोर टोकाच्या, म्हणजे मागच्या स्क्रूने द्या. नीट पाहिलंत तर मागचा स्क्रू आवळताना जबड्यांची मागची टोकं एकमेकांपासून लांब जातात. मधला स्क्रू टेकू होतो, जबडे तरफेसारखे काम करतात आणि पुढची टोकं मिटतात. म्हणजे मधल्या स्क्रूवर ताण येतो आणि मागचा स्क्रू दाबला जातो. जुना क्लॅम्प घेताना मागचा स्क्रू वाकलाय का ते आधी बघायचं, ते याचसाठी. कोणीतरी मुठीला पाना लावून जोर केला असेल तर पहिला तोच वाकतो. तुमच्या दोन्हींचे स्क्रू काढून सपाट काचेवर किंवा टेबलवर लोळवून बघा, वाकलेला असेल तर लगेच कळतं.

दाब सगळीकडे सारखा पडतोय का हे बघायला कागदाच्या दोन पट्ट्या पुरतात. एक जबड्याच्या टोकाशी, एक आत स्क्रूजवळ ठेवायची, क्लॅम्प आवळायचा आणि दोन्ही ओढून बघायच्या. टोकाची निसटली तर मागचा स्क्रू आणखी आवळा, आतली निसटली तर मागचा जरा सोडून मधला आवळा. काही दिवसांत हाताला अंदाज येतो, मग पट्ट्या लागत नाहीत.

आता उपयोगांकडे येऊ. माझ्याकडे हँड स्क्रू सगळ्यात जास्त वापरला जातो तो ड्रिल प्रेसवर, म्हणजे खांबावर बसवलेल्या उभ्या ड्रिल मशीनवर. छोटा तुकडा बोटांनी धरून भोक पाडणं हा सरळ सरळ वेडेपणा आहे. ड्रिल बिट आरपार जाताना लाकडात अडकतं आणि तुकडा गरकन फिरतो. तुकडा हँड स्क्रूमध्ये धरला की हातात लांब, जड पकड येते. बिट वरून बघताना घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरतं, तेव्हा अडकलेला तुकडाही त्याच दिशेने फिरायला बघतो. म्हणून क्लॅम्पची मागची बाजू ड्रिल प्रेसच्या खांबाच्या डावीकडे, खांबाला टेकवून ठेवायची. बिट अडकलं तरी क्लॅम्प खांबाला अडतो, तुमच्या मनगटाला काही होत नाही. जबडे चौकोनी आणि सपाट असल्यामुळे क्लॅम्प ड्रिलच्या टेबलवर आडवा नीट बसतो, आणि त्यात धरलेला तुकडा काटकोनात उभा राहतो. एफ-क्लॅम्प असा आडवा ठेवून बघा, डगमगतो.

बॅण्ड सॉवरही (पट्टीसारखं पातं फिरणारी मशीनची करवत) तेच. गोल दांडी आडवी कापायची असेल तर पातं तिला खाली ओढतं, ती हातात फिरते आणि पातं अडकतं किंवा तुटतं. हँड स्क्रूत धरलेली दांडी फिरू शकत नाही. जबडा लाकडाचा असल्याने चुकून पातं लागलं तरी जबड्याला एक खाच पडेल, पात्याचे दात वाचतील. पण स्क्रू पोलादाचे आहेत, ते कापण्याच्या रेषेपासून लांब आहेत ना हे मशीन सुरू करण्याआधी बघायचंच.

वाइस म्हणून वापरायचा असेल तर क्लॅम्प बेंचवर आडवा ठेवा, एक जबडा एफ-क्लॅम्पने बेंचला पक्का करा आणि दुसरा मोकळा सोडा. मुठी फिरायला जागा ठेवा, बाकी काही नाही. झाला वाइस. स्वयंपाकघराच्या ओट्यावर, अंगणातल्या टेबलवर, जिथे सपाट कड आहे तिथे. बेंचला आधीच वाइस असेल तर त्यात हँड स्क्रूचा एक जबडा उभा पकडा, म्हणजे काम छातीच्या उंचीला येतं. बारीक कोरीवकाम किंवा डव्हटेलच्या (कबुतराच्या शेपटीसारख्या आकाराच्या सांध्याच्या) बारीक करवतीच्या कामाला वाकावं लागत नाही. पाठ दुखणाऱ्यांनी हे एकदा करून बघाच.

कानशीचं कामही यात छान होतं. स्क्रेपरची (लाकूड खरवडून गुळगुळीत करायच्या पातळ पत्र्याची) कड सरळ करायची असेल तर पत्रा दोन्ही लाकडी जबड्यांच्या मध्ये, कड जेमतेम वर राहील असा धरा. लोखंडी वाइसमध्ये पत्रा थरथरतो आणि किरकिरतो, इथे दोन्ही बाजूंनी लांबवर धरलेला असल्याने कानस शांतपणे चालते. छोट्या हातकरवतीचे दात घासायलाही हीच पकड चालते, फक्त करवत थोडी थोडी सरकवावी लागते.

फळी कडेवर उभी ठेवायची असेल, म्हणजे कडेला रंधा मारायचा असेल किंवा दोन्ही बाजूंना पॉलिश करायचं असेल, तर क्लॅम्प बेंचवर आडवा ठेवून फळीची खालची कड जबड्यात धरा. फळीला पाय आले. लांब फळीला किंवा दाराला दोन क्लॅम्प लावायचे, दोन्ही टोकांना एकेक. कपाट जोडताना बाजूची फळी उभी धरायला दुसरा माणूस लागतो, ती गरज यामुळे निम्मी होते. एकट्याने काम करणाऱ्याला याची किंमत कळते.

चिकटवायच्या कामातही त्याची जागा आहे, पण ठरावीक ठिकाणी. निमुळता होत गेलेला टेबलाचा पाय, कललेली खुर्चीची दांडी, पाचरीच्या आकाराचा तुकडा, अशा ठिकाणी समांतर जबड्यांचा क्लॅम्प घसरतो. हँड स्क्रूचे जबडे त्या उतारालाच मिळते करता येतात. दुसरं म्हणजे पोच. मधला स्क्रू जबड्याच्या साधारण मध्यावर असतो, त्यामुळे १२ इंची क्लॅम्प कडेपासून आत सुमारे ६ इंचांपर्यंत दाब देऊ शकतो. लहान सी-क्लॅम्प तिथे पोहोचतच नाही. तिसरं, सी-क्लॅम्पचा स्क्रू फिरताना त्याची चकती लाकडाला थोडं पिळते आणि ओल्या ग्लूवर वरचा तुकडा सरकतो. हँड स्क्रूचा जबडा फिरत नाही, तो फक्त जवळ येतो. अचूक बसवलेला तुकडा जागेवर राहतो. आणि खाली ठोकळे ठेवायची गरज नाही, जबडाच ठोकळा आहे.

४५ अंशांच्या सांध्यासाठी एक युक्ती आहे, ती मला फार आवडते. फोटोफ्रेमच्या किंवा पेटीच्या चौकटीच्या दोन पट्ट्यांवर, कोपऱ्याच्या जवळ, एकेक हँड स्क्रू आवळायचा. मग तिसऱ्या लहान क्लॅम्पने त्या दोन हँड स्क्रूंना एकमेकांकडे ओढायचं. तिरक्या सांध्यावर सरळ क्लॅम्प लावला की तो घसरतो, इथे त्याला पकडायला दोन खांदे मिळतात आणि ओढ बरोबर सांध्याच्या आरपार बसते. हँड स्क्रू आधी पुरेसे घट्ट हवेत, नाहीतर तेच पट्टीवरून सरकतील.

ड्रिल प्रेसच्या किंवा मशीनच्या करवतीच्या फेन्सवर (तुकडा टेकवायच्या सरळ आधारपट्टीवर) थांबा म्हणूनही तो चालतो. एकाच लांबीचे बरेच तुकडे कापायचे असतील तर हँड स्क्रू फेन्सला लावला की त्याचा चौकोनी जबडाच थांबा होतो. फक्त करवतीवर तुकडा थांब्याला टेकलेलाच असताना कापू नका, पात्याच्या आणि थांब्याच्या मध्ये तो अडकतो. थांबा पात्याच्या बराच आधी लावायचा, लांबी ठरली की पुढे ढकलताना तुकडा थांब्यापासून सुटला पाहिजे.

आता जबड्यात बदल करण्याबद्दल, कारण इथे लोक घाबरतात. जुन्या हत्याराला करवत लावायची कशी, असं वाटतं. लावा. जबडा हा झिजणारा, बदलता येणारा भाग आहे. दोन्ही जबड्यांच्या आतल्या बाजूला, समोरासमोर, ९० अंशांची व्ही आकाराची खाच पाडा, जबड्याच्या लांबीला काटकोनात. क्लॅम्प ड्रिल प्रेसवर आडवा ठेवला की त्या खाचांमध्ये गोल दांडी ताठ उभी राहते आणि तिच्या टोकाच्या बरोबर मध्ये भोक पाडता येतं. हे काम दुसऱ्या कुठल्याही साध्या साधनाने इतकं सोपं होत नाही. खाच जबड्याच्या टोकाजवळ पाडा, मधल्या स्क्रूजवळ नको. जबडा वाकवणारा जोर मधल्या स्क्रूपाशी सगळ्यात जास्त असतो, तिथे लाकूड कमी केलं तर जबडा तिथेच चिरेल. खोली जबड्याच्या जाडीच्या पावपटीपेक्षा जास्त नको. मग टोकाशी उरलेल्या सपाट भागाने इतर कामंही होतात.

नाजूक, पॉलिश झालेल्या वस्तूंसाठी जबड्याला आतून पातळ चामडं चिकटवता येतं. आणि ग्लूचं काम करताना जबड्यांना मेण घासून ठेवा, साधी मेणबत्ती चालते, नाहीतर बाहेर आलेला ग्लू जबड्यालाही चिकटतो आणि सोडवताना लाकडाचा पापुद्रा निघतो. स्क्रूच्या आट्यांनाही तेलापेक्षा मेण बरं. तेलावर भुसा चिकटतो, आणि तेलाचा डाग लाकडावर उतरला की त्या जागी पॉलिश धरत नाही.

काही जण हँड स्क्रू उलटा चालवून, म्हणजे टोकांनी बाहेर ढकलून, खुर्चीचे जुने सांधे उघडतात. होतं ते, हलक्या जोराला. मला ते पटत नाही, मागच्या स्क्रूचे आटे उगाच झिजतात.

नको तिथे वापरू नका हेही सांगतो. रुंद फळ्या कडेला कड जोडायच्या असतील तर सरळ लांब पट्टीचे क्लॅम्प लागतात, हँड स्क्रू तितका उघडतच नाही. ८ इंची साधारण ४.५ इंच उघडतो, १२ इंची साधारण ८.५. शिवाय वजन आहे, बारीक चौकटीला टोकाशी लटकवला तर चौकटच वाकते.

तुमच्याकडच्या दोनपैकी १२ इंची आहे तसा ठेवा, तो पोच लागणाऱ्या चिकटवण्याच्या कामाला आणि बेंचवर वाइस म्हणून वापरा. ८ इंचीला व्ही खाच पाडा आणि ड्रिल प्रेसजवळच ठेवून द्या. एखादा जबडा चिरलेला निघाला तर स्क्रू आणि नट काढून घ्या, मेपल किंवा बीचसारख्या कठीण, सरळ रेषांच्या, गाठ नसलेल्या लाकडाचा नवा जबडा जुन्याच्या मापाने करा. नटची भोकं आणि स्क्रूसाठीच्या लांबट खाचा मात्र जुन्या जबड्यावरूनच आखून घ्या. खाच अरुंद झाली तर जबडा तिरका होणार नाही.