ईडीआय टीमची सूत्रं हाती घेताना

प्रिय,

तुझी मेल मिळाली. ईडीआयच्या, म्हणजे कंपन्यांमधल्या ऑर्डरी, बिलं ठराविक साच्यातल्या फाइलींनी संगणकातून संगणकात पाठवण्याच्या, टीमची जबाबदारी तुझ्याकडे आली हे वाचून बरं वाटलं. आपलं काम वरच्यांना कसं पटवून द्यायचं, या प्रश्नाकडे नंतर येतो. आधी तुझ्या टीमने रोज काय बघायला हवं ते बोलू, कारण तिथेच बहुतेक ठिकाणी गडबड असते.

"फाइल गेली" हे उत्तर टीममध्ये चालवून घेऊ नकोस. एएस२ने, म्हणजे इंटरनेटवरून फाइल सुरक्षित पाठवायच्या पद्धतीने, फाइल पाठवली आणि समोरून एमडीएन ही पोच आली, तर त्याचा अर्थ इतकाच की फाइल त्यांच्या सर्व्हरवर धडपणे पोहोचली. ९९७ ही दुसरी पोचपावती आली म्हणजे फाइलची रचना एक्स१२ या ईडीआय मानकाच्या नियमात बसली की नाही ते कळलं. आणि ऑर्डर मालासकट, दरासकट, तारखेसकट मान्य आहे का, हे सांगतं ते ८५५, म्हणजे ऑर्डरला आलेलं उत्तर. (हे आकडे म्हणजे एक्स१२मधल्या कागदांचे नंबर.) तीन पोचपावत्या, तीन वेगळे अर्थ. बऱ्याच कंपन्यांत डॅशबोर्ड पहिल्या पावतीलाच हिरवा होतो आणि सगळे निर्धास्त होतात. मग एखाद्या ८१०च्या, म्हणजे बिलाच्या, ९९७मध्ये एके५ सेगमेंटवर (सेगमेंट म्हणजे फाइलमधली एक ओळ) 'आर', म्हणजे रिजेक्ट, येऊन पडलेलं असतं. ते कोणी उघडतच नाही, आणि देय तारीख उलटल्यावर अकाउंट्सवाले विचारत येतात की पैसे का आले नाहीत. म्हणून प्रत्येक पार्टनरसाठी, म्हणजे जिच्याशी फाइलींची देवघेव होते त्या प्रत्येक कंपनीसाठी, ९९७ची मुदत ठरव, आणि ते वेळेत आलं नाही किंवा रिजेक्ट होऊन आलं, तर टीमला अलर्ट गेलाच पाहिजे. एडिफॅक्ट हे दुसरं ईडीआय मानक वापरणारे पार्टनर असतील तर त्यांच्या कंट्रोल मेसेजला, म्हणजे तिथल्या ९९७सारख्या पोचपावतीला, हाच नियम लाव.

पण ९९७ स्वच्छ आलं तरी निश्चिंत होऊ नकोस. समज, ८५०च्या, म्हणजे खरेदी ऑर्डरच्या, पीओ१ सेगमेंटमध्ये (मालाच्या ओळीत) संख्या १० आहे आणि एकक 'सीए', म्हणजे खोकी. तुमच्या मॅपने, म्हणजे फाइलमधली माहिती तुमच्या सिस्टीममध्ये उतरवणाऱ्या नियमांनी, एकक वाचलंच नाही आणि ईआरपीत, म्हणजे कंपनीचा कारभार चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, १० नग टाकले. खोक्यात १२ नग असतील तर हवे होते १२० आणि ट्रकमध्ये चढले १०. रचनेत काही चूक नाही, ९९७मध्ये झोकात 'ए', म्हणजे मान्य, एकाही सिस्टीमची तक्रार नाही. असली चूक पकडतो तो धंदा कळणारा माणूस. सेगमेंट तोंडपाठ असणारे पुष्कळ मिळतील, तू निवड करशील तेव्हा "ही ऑर्डर एवढी लहान कशी?" असं विचारणारा माणूस घे.

याच कारणासाठी टीममधल्या प्रत्येकाला काही दिवस गोदामात पाठव. ८५६चं, म्हणजे माल निघाल्याच्या आगाऊ सूचनेचं, उदाहरण घे. कुठल्या खोक्यात काय आहे हे त्यात पातळ्यांनी सांगितलेलं असतं: शिपमेंट, ऑर्डर, खोकं, माल. खोक्यावरच्या लेबलचा १८ अंकी एसएससीसी (त्या खोक्याचा ओळख क्रमांक) आणि ८५६मधला एसएससीसी जुळला तरच समोरच्याच्या डॉकवर, म्हणजे माल उतरवायच्या जागी, माल भराभर आत जातो. जुळला नाही की माल अडतो, आणि रिटेलर असेल तर चार्जबॅक लावून बिलातून पैसे कापतो. आता होतं काय, ८५६ निघून गेल्यावर गोदामात कोणीतरी दोन अर्धी खोकी एकत्र करतं. त्याच्या दृष्टीने शहाणपणाच! मॅपमध्ये आठवडाभर बग शोधलास तरी सापडणार नाही, कारण तो मॅपमध्ये नाहीच. पॅकिंग बंद झाल्यावरच ८५६ निघेल, हे गोदामाच्या मॅनेजरबरोबर बसून ठरवावं लागतं, आणि ते काम तुझं आहे, डेव्हलपरचं नाही.

टीममध्ये एखादा जुना जाणता असेलच, ज्याला सगळ्या पार्टनरांच्या खोडी पाठ आहेत. त्याला जप, पण त्याच्या डोक्यातलं कागदावर आण. पार्टनरमागे एक पान पुरे: आयएसए आयडी (फाइलच्या सुरुवातीच्या ओळीत येणारी पार्टनरची ओळख), फाइल पाठवायचा प्रोटोकॉल, सुरक्षेचं सर्टिफिकेट कधी संपतं, रात्री कोणाला फोन करायचा, आणि मॅपमध्ये केलेले अपवाद. अपवादापुढे कारण लिहायला लाव. कारण नसलेल्या अटीला पुढे कोणी हात लावायला धजावत नाही, आणि मॅप फुगत जातो. माझ्या मते मध्ये कंपनीचं स्वतःचं एक सामाईक रूप असावं आणि प्रत्येक पार्टनरचा मॅप त्याच्यापुरता बारीक असावा. जुना मॅप कॉपी करून नवा पार्टनर जोडणं सोपं वाटतं, पण ईआरपीत एक फील्ड बदललं की सगळ्या कॉपी दुरुस्त करत बसावं लागतं.

आणि रीसेंड. हे बटण नव्या माणसाच्या हाती मोकळं सोडू नकोस. पुन्हा पाठवताना नवा कंट्रोल नंबर, म्हणजे फाइलचा अनुक्रमांक, लागला, तर समोरच्या ट्रान्सलेटरला, म्हणजे फाइल वाचणाऱ्या सॉफ्टवेअरला, ती नवीच फाइल वाटते आणि एकाच ऑर्डरच्या दोन होतात. आधी पार्टनरला विचार की पहिल्या फाइलचं काय झालं, मगच हात लाव.

आता वरच्यांचं. महिन्याला किती फाइली गेल्या हा आकडा त्यांना देऊ नकोस, तो ऐकून कोणाला काही वाटत नाही. किती ऑर्डरी किती वेळ अडकल्या, चार्जबॅकमध्ये किती रक्कम गेली आणि त्यातली किती आपल्या डेटामुळे, हे सांग. "आता एपीआय आले, ईडीआय कशाला?" असंही कोणीतरी म्हणेलच (एपीआय म्हणजे दोन सिस्टीम थेट जोडण्याची सोय). एक्स१२ समिती १९७९ची, एडिफॅक्ट १९८७चं, म्हणून ते जुनाट वाटतं. पण एपीआयने जोडलं तरी एककाचा, लेबलचा आणि पोचपावतीचा प्रश्न तसाच उरतो. वाद घालू नकोस, एवढं दाखवून दे.

शेवटी, नव्या पार्टनरचं गो-लाइव्ह तिमाहीच्या शेवटच्या आठवड्यात करावं का, असं विचारलंयस. नको. त्या आठवड्यात गोदाम आणि अकाउंट्स दोघांनाही श्वास घ्यायला वेळ नसतो. पुढच्या महिन्यात, आठवड्याच्या सुरुवातीला कर. त्याआधी दोन्हीकडे आयएसए१५ 'टी'चं 'पी', म्हणजे फाइलवरची खूण चाचणीची बदलून खऱ्या व्यवहाराची, झालंय ना, ते स्वतः बघ. पहिल्या दिवशी एकच ऑर्डर घे आणि तिचं ८१० समोरच्या अकाउंट्सने मान्य करेपर्यंत बाकीच्या जुन्या मार्गानेच येऊ देत. विक्रीवाले कुरकुरतील. कुरकुरू देत.

सस्नेह,
तुझा जुना सहकारी