विंगचं बिल फाडलंत, आता त्याचीच प्रत मागा

प्रश्न: मी अमेरिकेत राहतो. दोन आसनी विमानाचं अर्धवट झालेलं क्विक-बिल्ड किट (ज्यात बरंच काम कंपनीनेच करून दिलेलं असतं) पहिल्या मालकाकडून विकत घेतलं. शेपटी आणि फ्यूजलाज (विमानाचा मधला सांगाडा) त्यांनी घरीच जोडलं होतं. विंगचं उरलेलं काम मी पैसे देऊन एका वर्कशॉपकडून करून घेतलं आणि पुढे भानगड नको म्हणून बिल फाडून टाकलं. कामाची नोंदवही दोघांकडेही नाही. एफएए म्हणजे अमेरिकेच्या विमानवाहतूक खात्याच्या वतीने तपासणी करणाऱ्या प्रतिनिधीने 'बांधलं कुणी ते दाखवा' म्हणून परत पाठवलं. कॅनोपी (वरचं पारदर्शक झाकण) आणि काउलिंगही (इंजिनवरचं आवरण) त्याच वर्कशॉपला देऊन फॉर्मवर सही करून टाकावी म्हणतो. मुंबईत गच्चीवर विमान बांधणाऱ्या अमोल यादवांना परवानगी मिळाली, मग मला का नाही? विकणाऱ्यावर दावा लावता येईल का?

उत्तर: दाव्याचं नंतर बघू. कॅनोपी-काउलिंगचं काम वर्कशॉपला दिलं असेल तर ते आधी परत घ्या.

किट स्वस्तात मिळालं, कागद मागायचे राहिले, अशी पत्रं मला नेहमी येतात. 'सुरुवात मी केली नाही, मग विमान घरी बांधलेलं कसं ठरणार' ही धास्ती जवळजवळ प्रत्येकात असते. ती सोडून द्या. एफएएचा नियम २१.१९१ (जी) एवढंच म्हणतो की विमानाचा मोठा भाग, निव्वळ स्वतःच्या शिक्षणासाठी किंवा हौसेसाठी हे काम अंगावर घेतलेल्यांनी घडवलेला आणि जोडलेला हवा. अशी माणसं एक की चार, याच्याशी नियमाला देणंघेणं नाही. पहिल्या मालकाचं काम तुमच्याच पारड्यात पडतं. पैसे घेऊन केलेलं मात्र पडत नाही.

लोक याला ५१ टक्क्यांचा नियम म्हणतात आणि तास नाहीतर डॉलर मोजत बसतात. एफएए मोजते ती कामं. त्यांच्या यादीत प्रत्येक कामाला एक गुण असतो आणि तो चार रकान्यांत विभागता येतो: किट कंपनीने केलेलं, पैसे देऊन करून घेतलेलं, हौशी माणसाने जोडलेलं आणि हौशी माणसाने घडवलेलं. शेवटच्या दोन रकान्यांची बेरीज निम्म्याच्या वर जायला हवी. क्विक-बिल्ड किटमध्ये पहिला रकाना निम्म्याच्या आसपास भरूनच खोकं घरी येतं. तुमच्या हाती मोजके गुण होते, त्यातलेही काही तुम्ही वर्कशॉपला देऊन बसलात.

किती दिलेत, यावर सगळं अडलंय, आणि ते सांगणारा एकमेव कागद तुम्ही फाडलात! बिल आपल्याविरुद्ध जाईल असं तुम्हाला वाटलं. पण बिल नसेल तर प्रतिनिधी अख्खी विंग दुसऱ्या रकान्यात टाकायला मोकळा. बिलात 'वरचा पत्रा रिव्हेट करून बंद केला, फ्लॅप बसवले' एवढंच असेल, तर वर्कशॉपचा वाटा तेवढ्यावरच थांबतो. टाकी, वायरिंग, एलेरॉनची जोडणी ज्याने केली त्याच्या नावावर राहते. वर्कशॉपकडे हिशेबात प्रत असेल. आजच लेखी मागा, आणि कामाचा तपशील ओळीओळीने लिहून द्या म्हणावं.

पहिल्या मालकांनाही याच आठवड्यात गाठा. कोणता भाग कधी, कुठे, कुणी केला याचं नोटरीसमोर सही केलेलं निवेदन आणि फोटोंच्या मूळ फायली घ्या. व्हॉट्सॲपवरून फिरून आलेले फोटो नकोत, त्यांत काढल्याची तारीख राहत नाही. माणसं फोन बदलतात, आणि तुम्ही आधीच बराच काळ घालवलाय.

तोपर्यंत फॉर्म ८१३०-१२ ला हात लावू नका. 'सही करून टाकावी' हे वाचून मला घाम फुटला. विमानाचा मोठा भाग हौशी माणसांनी बांधला, असं तुम्ही त्यात सरकारला लिहून देता. जाणूनबुजून खोटं लिहिलंत तर तो संघीय गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

यादवांचा दाखला इथे लागू पडत नाही. त्यांच्या विमानाची नोंदणी २०१७ मध्ये झाली, तीही वर्षानुवर्षं खेटे घालून. पण विमान कुणी बांधलं याबद्दल कुणाला शंका नव्हती. तुम्हाला नियम अनुकूल आहे, पुरावाच नाही.

दाव्याचं म्हणाल तर करारात 'आहे त्या स्थितीत' असे शब्द आहेत का आणि तुमच्या राज्यात मुदत किती, हे पाहिल्याशिवाय बोलणार नाही. नोंदवही देण्याचं त्यांनी कबूल केलं नसेल तर फारशी आशा धरू नका. शिवाय कोर्टाच्या तारखा पडत राहतील, आणि जिंकलात तरी न्यायाधीश तुमचे रकाने भरून देणार नाहीत.

रिपेअरमन सर्टिफिकेटही (आपल्या विमानाची वार्षिक तपासणी स्वतः करायचा परवाना) मिळेलच असं धरू नका, ते मुख्य बांधणाऱ्यासाठी असतं. नाही मिळालं तर दर १२ महिन्यांची तपासणी ए अँड पी (एफएएचा परवाना असलेल्या) मेकॅनिककडून करून घेता येते.

रंग आणि सीटची कव्हरं खुशाल बाहेर द्या, त्यांना गुण नाहीत. कॅनोपीची चौकट, काउलिंग, इंधनाच्या नळ्या, कंट्रोलची जोडणी मात्र स्वतः करा. कुठलंही पॅनेल बंद करण्याआधी आतला फोटो काढा, आणि त्यात तुमचा चेहरा दिसू द्या.