खानापूरच्या पावसात सरबताच्या पावडरीचे दगड का होतात

ताई, तुम्ही लिहिलंय की बचत गटासाठी पिठीसाखर, लिंबूसत्त्व (सायट्रिक अ‍ॅसिड), नारंगी रंग आणि पातळ इसेन्स मिसळून सरबताची पावडर केली. एप्रिलात ती मोकळी होती, जूनअखेर बेळगाव जिल्ह्यातल्या खानापुरातल्या पुड्यांचे दगड झाले, अथणीला गेलेल्या पुड्या मात्र चांगल्या आहेत. साखरेत भेसळ असेल का, आणि फसफसायला खायचा सोडा घातला तर चालेल का, हे तुमचे प्रश्न.

साखर चांगलीच आहे. अडचण आहे ती साखर आणि लिंबूसत्त्व एकमेकांना टेकून बसण्यात. 25 अंश तापमानाला नुसती साखर हवेची आर्द्रता 85 टक्क्यांच्या आसपास गेली तरच पाणी ओढून विरघळायला लागते. नुसतं लिंबूसत्त्व 75 च्या आसपास. दोन्ही एकत्र आली की ही हद्द थेट 65 च्या जवळ येते. अथणीची हवा बराच वेळ त्याखाली असते, खानापूर-जांबोटीकडे पावसाळ्यात ती रात्रंदिवस वरच. मग दोन कण टेकतात तिथे पाकाचा बारीकसा थेंब धरतो. जरा उघडीप मिळाली की तो सुकतो आणि कण सांधून टाकतो. हेच पुन्हा पुन्हा झालं की दगड. शिवाय त्या थेंबात आम्लामुळे साखर फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं. फ्रुक्टोज साखरेहून जास्त पाणी ओढतं, म्हणून एकदा चिकटलेली पावडर वाळवली तरी परत चिकटते.

पिठीसाखर सोडा. कण जितके बारीक तितक्या टेकायच्या जागा जास्त. एस-30 (लहान दाण्याची) साखर मिक्सरला दोनच झटके देऊन बारीक रव्याएवढी करा, 60 अंशांना दोन तास सुकवा आणि झाकून गार होऊ द्या.

लिंबूसत्त्व घेताना पिशवीवर ‘मोनोहायड्रेट’ की ‘अ‍ॅनहायड्रस’ (म्हणजे बिनपाण्याचं) ते बघा. मोनोहायड्रेटच्या एका किलोत सुमारे 86 ग्रॅम पाणी स्फटिकातच अडकलेलं असतं आणि गरम गोदामात ते सुटू लागतं. अ‍ॅनहायड्रसच घ्या. पातळ इसेन्स तर पावडरीत नकोच. बऱ्याच इसेन्समध्ये प्रॉपिलीन ग्लायकॉल असतं, तेही पाणी ओढतं. पावडर फ्लेवर मिळतो, तो घ्या.

प्रमाण असं: साखर 1 किलो, लिंबूसत्त्व 20 ग्रॅम, आंबटपणाची धार मऊ करायला सोडियम सायट्रेट 3 ग्रॅम, कण सुटे राहायला ट्रायकॅल्शियम फॉस्फेट 5 ग्रॅम. त्यानं सरबत किंचित गढूळ दिसतं, नारंगीला ते शोभतंच. 200 मिली पाण्याला 25 ग्रॅम पावडर, म्हणजे किलोत 40 पेले.

रंगाला मर्यादा तयार सरबतात किलोला 100 मिलिग्रॅम. 40 पेल्यांचं सरबत साधारण 9 किलो, म्हणजे पावडरीच्या किलोला जास्तीत जास्त 0.9 ग्रॅम शुद्ध रंग; त्याच्या निम्म्याहून कमी, 0.4 ग्रॅम पुरे. बाजारातल्या पुडीत शुद्ध रंग बहुतेक वेळा थोडाच असतो, टक्केवारी वाचून हिशेब करा. रंग पाण्यात कालवू नका. आधी चमचाभर साखरेत घोळा, मग दोन चमचे, मग चार, असं दुप्पट करत जा. नीट मिसळलेली कोरडी पावडर फिकट दिसते. पुडीच्या कोपऱ्यात गडद नारंगी ठिपके दिसले की ओल शिरली समजा, खडे व्हायच्या आधी ही खूण येते.

सोडा घालू नका. 84 ग्रॅम सोडा 64 ग्रॅम अ‍ॅनहायड्रस लिंबूसत्त्व खाऊन टाकतो, म्हणजे आंबटपणा जातो आणि खारट चव उरते. या क्रियेत पाणीही सुटतं, तेच पाणी पुढच्या कणांतही ही क्रिया सुरू करतं आणि निघणाऱ्या वायूनं सीलबंद पुडी फुगते. आमसुलाच्या सरबतात तर त्याचा लाल रंगच जांभळट-मळकट होतो.

खानापूर भागासाठी माझं ठाम मत: लिंबूसत्त्वाची पुडी वेगळीच ठेवा. साखर, रंग, फ्लेवर मोठ्या पाकिटात आणि आत 20 ग्रॅमची छोटी सीलबंद पुडी. पातळ प्लास्टिकमधून वाफ आत जाते, त्यामुळे दोन्हींना अ‍ॅल्युमिनियम थराचं लॅमिनेटच लागेल. भरणं आणि सील करणं पाऊस नसताना, कोरड्या खोलीत करा.

आता झालेले दगड: खडा बोटांनी कोरडा फुटत असेल तर कुटून, चाळून, चार दिवसांत वापरा. बोटाला चिकटत असेल तर दळू नका, पाण्यात विरघळवून त्याच दिवशी सरबत करून संपवा.