कुमेरी म्हणजे 'कुमारी' जमीन का?

प्रश्न असा आलाय की गोव्यात काणकोण, केपे, सत्तरीकडे 'कुमेरी' शेती म्हणतात तिचा 'कुमारी'शी काही संबंध आहे का, म्हणजे पहिल्यांदाच नांगर लागलेली जमीन वगैरे.

नाही हो. एक तर कुमेरीत नांगरच नसतो. डोंगरउतारावरची झाडंझुडपं तोडायची, उन्हात सुकू द्यायची, पावसाआधी तिथल्या तिथे जाळायची आणि त्या राखेत नाचणी, वरी टाकायची. दोन-तीन वर्षं पीक घेतलं की तुकडा सोडून द्यायचा, रान वाढू द्यायचं आणि बऱ्याच वर्षांनी परत तिथेच यायचं. आजोबांनी सोडलेल्या जागेवर नातू येणार, आता अशा जमिनीला कुमारी कोण म्हणेल?

हॉब्सन-जॉब्सन या इंग्रजांच्या वापरातल्या भारतीय शब्दांच्या जुन्या कोशात हा शब्द आहे, तिथे 'कुमरी' हे कानडी रूप देऊन त्याचं मूळ मराठी 'कुंबरी', म्हणजे डोंगरउतारावरची हलकी जमीन, असं सांगितलंय. मला हे पटतं, कारण कोकणात असल्याच जमिनीला वरकस म्हणतात आणि तिथेही नाचणी-वरीच होते. कारवारकडच्या जुन्या इंग्रजी लिखाणात 'कुमरी'चं स्पेलिंग कधीकधी 'कुमारी' होतं, घोळ बहुतेक तिथूनच आला असावा.

अजून एक, कुमेरीला राब समजू नका. राब म्हणजे बाहेरून आणलेला पालापाचोळा, फांद्या, शेण भाताच्या रोपवाटिकेवर पसरून भाजणं, जमीन तीच राहते. रायगडात कातकरी-ठाकर ज्याला दळी म्हणतात ती मात्र कुमेरीची सख्खी बहीण.

'फिरती शेती' हा पुस्तकी शब्द मला खरं तर खटकतो, त्यातून माणसं उगाच भटकतायत असं वाटतं. वेळीप, कुणबी, गावडा ही माणसं गावातच असायची, फिरायचा तो तुकडा. आणि रान परत येऊ देणं हा शेतीचाच भाग, तो विसरला की मग 'जंगल जाळणारे' हा शिक्का बसतो. याच तिन्ही समाजांना 2003 साली अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला, काणकोणातलं खोतीगावचं अभयारण्य मात्र त्याच्या कितीतरी आधीचं, 1968 पासूनचं. आता बऱ्याच कुमेरींवर काजू उभे आहेत, नाचणी गेली, तरी बोलताना ती जागा 'कुमेरीची'च.

तर लेखात 'कुमेरी'च लिहा, कंसात 'कुमारी' नको.